मादागास्करची कासवं आणि पुण्यातली हौस

मादागास्करला जाऊन आले असं सांगितलं की सदाशिव पेठेत पहिला प्रश्न येतो, "तिथं कोण असतं तुमचं?" कोणी नाही म्हटलं की दुसरा, "मग कशाला गेलात?" प्राणी बघायला गेले होते असं म्हटलं, की समोरचा माणूस माझ्याकडे काळजीने बघतो आणि घरच्यांची चौकशी करतो. घरच्यांचं म्हणाल, तर आमच्या ह्यांनी निघण्याआधीच निकाल दिला होता. "प्राणीच बघायचेत ना? कात्रजला जा. बस जाते."

मी जनावरांची डॉक्टर आहे. नोकरी सगळी सरकारी, शिरूर-दौंड-इंदापूरच्या गोठ्यांतून झाली. निवृत्तीनंतर घराजवळ एका इमारतीच्या तळमजल्यावर छोटा दवाखाना काढला. पूर्वी अडलेल्या गायी सोडवायचे, आता पर्शियन मांजरांची नखं कापते. एवढ्या वर्षांत हजारो जनावरं हाताखालून गेली, पण ती सगळी दाव्याला, साखळीला नाहीतर पिंजऱ्यात. ज्याला मालक नाही असं जनावर एकदा त्याच्या घरी जाऊन बघावं, एवढीच इच्छा होती. सोबतीला नणंद वसुधा. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने वेगळंच कारण काढलं. "वहिनी, आपल्या कुंडीतली सदाफुली मूळची तिकडची. रस्त्यावरचा गुलमोहर तिकडचा. एवढी वर्षं आपल्याकडे सासरी नांदताहेत, त्यांचं माहेर बघायला नको का?"

ते माहेर बघून आलो. त्याचं काय झालंय आणि त्यात आपला हात कुठवर पोचलाय, ते सांगायला हे लिहिते आहे. रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. हॉटेलं कशी होती एवढंच ज्यांना हवंय त्यांनी सहल कंपनीचं माहितीपत्रक वाचावं. त्यात सगळं छान आहे.

ताना

राजधानीचं नाव आंतानानारिवो. तिथल्या लोकांनाही ते लांब वाटतं, म्हणून सगळे ताना म्हणतात. टेकड्यांवर एकावर एक चढत गेलेली विटांची घरं आणि खाली, अगदी शहराच्या पोटात, भाताची खाचरं. आपल्याकडे एव्हाना त्या खाचरांवर 'पॅडी व्ह्यू' नावाची बारा मजली इमारत उभी राहिली असती आणि तिच्यातून पॅडी सोडून सगळं दिसलं असतं.

सकाळी रस्त्याच्या कडेला एक बाई कोळशाच्या शेगडीवर काहीतरी उलटत बसली होती. वसू थांबलीच. "अहो वहिनी, हे तर आप्पेपात्र!" खरंच आप्पे होते. तांदळाच्या पिठाचे, किंचित गोड, कडेने कुरकुरीत. नाव मुफु गासी. आम्ही उभ्या उभ्या इतके खाल्ले की त्या बाईने शेवटचा घाणा आमच्याच हातावर ठेवला आणि पैसे घेईना. दुपारी भाताबरोबर कुटलेल्या पानांची हिरवी भाजी आली, ती आपल्या अळूच्या फतफत्याची थोरली जाऊ शोभेल अशी. जेवणानंतर तांब्याभर कोमट, भुरकट पाणी. पातेल्याच्या बुडाला लागलेल्या भातात पाणी घालून उकळतात, तेच पितात. माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघा, काही वाया घालवत नाहीत.

आमच्या गटात आठ माणसं होती, सगळी पुण्याची. सगळ्यांची ओळख करून देत बसत नाही. एक मात्र द्यावी लागेल, शिरीषरावांची. मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "इथला मेन आयटम काय?" आमचा वाटाड्या हेरी नावाचा, चाळिशीतला, शांत, सावकाश इंग्रजी बोलणारा गृहस्थ. पूर्वी शाळेत शिकवायचा. त्याचं बोलणं मी इथं मराठीतच देते.

आंदासिबेचं रान

तानाहून पूर्वेला निघालं की आधी उघड्या, लाल, पाण्याने चिरफाळलेल्या टेकड्या लागतात. मग एकदम रान सुरू होतं, ओलं आणि दाट. या बेटावरचे बहुतेक प्राणी जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. ते बेट बाकी जमिनीपासून फार पूर्वी सुटं झालं आणि तिथं जे जगलं ते आपल्या रीतीने घडत गेलं. लेमूर हा माकडाचा लांबचा चुलतभाऊ. त्याच्या कित्येक जाती इथं आहेत, मुठीत मावणाऱ्यापासून लहान मुलाएवढ्यापर्यंत. त्यातला सगळ्यात मोठा इंद्री. काळापांढरा, शेपूट जवळजवळ नाहीच, डोळे हिरवट आणि सतत आश्चर्य वाटल्यासारखे.

तो दिसण्याआधी ऐकू येतो. सकाळी धुकं वर सरत होतं आणि झाडांच्या शेंड्यांतून एक लांबलचक सूर निघाला. शंख फुंकावा आणि फुंकता फुंकता रडू यावं, तसा. पलीकडच्या डोंगरावरून दुसऱ्या कुटुंबाने उत्तर दिलं. वसूने माझा दंड घट्ट धरला. आम्ही दोघी साठीच्या आसपासच्या बायका, माना वर करून, तोंडं उघडी टाकून उभ्या.

हेरी हळूच म्हणाला, "इथले लोक याला बाबाकुतू म्हणतात. आपला पूर्वज मानतात. जगातल्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयात तुम्हाला इंद्री दिसणार नाही."

"का बरं?" शिरीषराव.

"पूर्वी पुष्कळ नेले. सगळे मेले. पिंजऱ्यात खायचंच बंद करतो तो."

शिरीषराव कॅमेऱ्याचं भिंग पुसत म्हणाले, "डाएटमध्ये काहीतरी टेक्निकल चूक होत असणार."

मी पुन्हा मान वर करून झाडांत बघू लागले. बोलायची वेळ दुपारी आली. रानाच्या दाराशी एक माणूस काठीवर मोठा सरडा घेऊन उभा होता. सरडा कसला, हातभर लांब हिरवा दागिना. फोटोसाठी तो त्याला या फांदीवरून त्या फांदीवर ठेवत होता आणि प्रवासी रांग लावून टिपत होते. शिरीषरावांनी त्या माणसाला खुणेने सांगितलं की तोंड उन्हाकडे कर. त्याने फांदी हलवली. पुन्हा हलवली. हिरवं अंग बघता बघता काळवंडत गेलं.

"वा! रंग बदलला!" शिरीषराव खूश.

"तो घाबरलाय," मी म्हणाले. "गोठ्यात वाघ शिरल्यावर गाय ओरडते, त्याला ओरडता येत नाही म्हणून तो काळा पडतो. कॅमेरा खाली ठेवा."

"अहो डॉक्टर, आपण पैसे भरून आलोय."

"म्हणूनच म्हणते. त्या माणसाला आपले पैसे दिसतात म्हणून तो फांदी हलवतो. आपण नसतो तर तो भात लावत असता आणि सरडा माश्या खात असता."

त्यानंतर दोन दिवस शिरीषराव माझ्याशी बोलले नाहीत. सहलीतला तो सर्वांत निवांत काळ.

तुलियार

विमानाने नैर्ऋत्य किनाऱ्यावर उतरलो. इथं हवा कोरडी, समुद्र नको इतका निळा आणि रस्त्यावर सायकलरिक्षांची झुंबड. बाजारात शंख-शिंपले विकणाऱ्या दुकानांत भल्यामोठ्या अंड्यांची ओळ मांडलेली दिसली. एकेक अंडं कळशीएवढं. हत्तीपक्ष्याची अंडी. हा पक्षी शहामृगाहून कितीतरी भारी होता आणि या बेटावरच होता. माणूस आला, पक्षी संपला. समुद्राच्या वाळूत त्याच्या अंड्यांची टरफलं अजून सापडतात. ती गोळा करून, चिकटवून पुन्हा अंडं करतात आणि प्रवाशांना विकतात. एका अंड्यात कितीतरी अंड्यांचे तुकडे असतात, सांधे बोटाला लागतात.

मी ते हातात घेतलं आणि लगेच ठेवून दिलं. आधी मारून खायचं, मग कवच्या वेचायच्या, मग डिंक लावून दिवाणखान्यात ठेवायचं आणि पाहुण्यांना सांगायचं, दुर्मिळ आहे हो. दुर्मिळ! माणसाने केलेल्या चोरीला माणसानेच दिलेलं हे गोंडस नाव आहे.

हेरीने शिरीषरावांना सांगितलं की हे देशाबाहेर न्यायला परवानगी लागते. ते म्हणाले, "कपड्यांत गुंडाळलं तर कोण बघतंय?" शेवटी त्यांच्या बायकोनेच त्यांना दुकानातून बाहेर ओढलं. त्या माउलीचं नाव मला माहीत नाही, पूर्ण सहलभर त्यांनी 'हे म्हणतात' याखेरीज बोलण्याची दुसरी सुरुवात केली नव्हती. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "मी म्हणते, नाही घ्यायचं."

काट्यांचं रान

तुलियारच्या पुढचं आम्ही दोघींनीच ठरवलं होतं. बाकीचे समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलात राहिले, मी, वसू आणि हेरी एक जुनी जीप घेऊन दक्षिणेला गेलो. रस्ता म्हणजे वाळूतल्या दोन चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना जे रान होतं, तसं मी स्वप्नातही पाहिलेलं नाही. खोडालाच काटे फुटलेली, हात वर करून उभी असलेली झाडं. मध्येच बुटकी, फुगलेली गोरखचिंच. वसू जीपमध्ये बसेचना, चालतच राहिली. "यांना पानं आहेत का काटे आहेत, हेच ठरलेलं नाही अजून," ती आनंदाने ओरडली.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. चोरांनाही वाचता येतं.

गावाच्या अलीकडे जीप वाळूत रुतली. चाक फिरवावं तसं खाली. तेव्हा गावातून बैलांची जोडी आली. त्यांच्या वशिंडाकडे बघून मला एकदम इंदापूरच्या बाजारात आल्यासारखं वाटलं. बैलांबरोबर एक उंच बाई होती, साठीच्या पुढची, तोंडाला चंदनासारखा पिवळा लेप लावलेली. तिचं नाव सुआ. जीप निघाली, पण एक बैल मागचा पाय टेकत नव्हता. मी वाकून पाहिलं. खुराच्या बेचक्यात काटा मोडून आत पू झाला होता. पिशवीत चिमटा आणि औषध असतंच. सुआने त्याचं डोकं धरलं, मी काटा काढला, जखम धुतली. बैलाने एक लाथ हाणली ती वसूच्या चपलेला लागली. चप्पल काट्यांच्या झाडात जाऊन अडकली आणि सगळं गाव हसायला लागलं. तिथून पुढे ओळख करून द्यावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुआ आम्हाला रानात घेऊन गेली. जराशाने तिने हात आडवा धरला. वाटेवरून एक कासव चाललं होतं. उंच घुमटासारखी काळी पाठ, आणि पाठीच्या प्रत्येक खवल्यातून पिवळे किरण बाहेर फुटलेले. आपल्याकडच्या चांदणी कासवाची थोरली बहीण म्हणा. त्याला घाई नव्हती. एका झुडपाशी थांबून त्याने पान ओढलं, ते तुटेना, म्हणून पुढचे दोन्ही पाय रोवून पुन्हा ओढलं. पान तुटलं तशी ते सगळंच मागे सरकलं. मी डॉक्टर असल्याने हात शिवशिवत होते, उचलून पोट बघावं, वजन घ्यावं. हेरीने माझ्याकडे पाहून मान हलवली.

"इथले लोक सुकाकेला, म्हणजे या कासवाला, हात लावत नाहीत. खात नाहीत, घरात आणत नाहीत. फादी आहे."

फादी म्हणजे वर्ज्य. घालून दिलेलं बंधन. कोणी घालून दिलं विचारलं तर सगळे पूर्वजांकडे बोट दाखवतात. आपल्याकडे देवराईतली काडी तोडत नाहीत, तसं. सरकारी कायदा यायच्या कितीतरी आधीपासून ही कासवं या एका शब्दाच्या आधारावर सुखाने जगली.

"मग कमी का झाली?" मी विचारलं.

हेरीने ते सुआला सांगितलं. ती वाटेवरच उकिडवी बसली आणि बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला.

बाहेरगावचे लोक येतात, ती म्हणाली. त्यांना फादी नाही. पोती घेऊन येतात. मोठी कासवं किनाऱ्यावरच फोडून मांस वाळवतात. लहान जिवंत नेतात. एकदा पोती भरलेली गाडी गावावरून चालली होती, तेव्हा गावकऱ्यांनी वाटेत बैलगाड्या आडव्या लावल्या. सुआ स्वतः गाडीपुढे बसली. त्या माणसांनी पैसे देऊ केले, मग शिव्या दिल्या, मग चाकू दाखवला. गाव हललं नाही. शेवटी शिपाई आले, पोती उघडली. वरची जिवंत होती, खालची गुदमरली होती.

"आणि ती माणसं?" वसूने विचारलं.

"पुढच्या बाजाराला तुलियारच्या रस्त्यावर हसत फिरत होती," हेरी म्हणाला. "सुआने स्वतः पाहिलं. त्यांनी तिला हात हलवून नमस्कार केला."

सुआने मला काहीतरी विचारलं. हेरी जरा घुटमळला. "ती विचारते, लहान जिवंत कासवं नेतात ती कुठं? मी तिला सांगितलं आहे, बरीचशी आशियात. ती विचारते, म्हणजे तुमच्याकडे?"

मी म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक देवळात देवासमोर दगडाचं कासव असतं. आधी त्याला नमस्कार करतात, मग देवाला."

सुआने ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दगडाचं आहे, तर मग खरं कशाला लागतं?"

"आमच्याकडे लागत नाही," मी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले.

बाणेर

परत आल्यावर वसूच्या सोसायटीत, बाणेरला, आमचा फोटोंचा कार्यक्रम ठेवला होता. गच्चीखालच्या सभागृहात पन्नासेक माणसं, शेवटी बटाटेवडे. इंद्रीचा आवाज ऐकवला तेव्हा लहान मुलंसुद्धा गप्प झाली. कासवांचं सांगताना मी पोत्यांचंही सांगितलं, चाकूचंही.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण पुढे आला. निखिल नाव, सातव्या मजल्यावर आईबरोबर राहतो, हिंजवडीत नोकरी. गोड चेहऱ्याचा, वाकून नमस्कार करणारा मुलगा. म्हणाला, "काकू, अमेझिंग टॉक! तुम्हाला एक सरप्राइज दाखवतो. दोन मिनिटं वर या ना."

वर गेलो. त्याच्या खोलीत भिंतभर लांब काचेची पेटी, आत खास दिवे, तापमान दाखवणारं यंत्र, परदेशी वाळू. आणि त्या वाळूत, पाठीवर पिवळे किरण फुटलेलं सुकाके.

"हा मोदक," निखिल म्हणाला. "रेडिएटेड टॉर्टॉइज. चार वर्षं झाली माझ्याकडे."

वसूने खुर्ची पुढे केली, मी बसले नाही.

"कुठून आणलास?"

"एका ब्रीडरकडून. सगळं लीगल आहे, काकू. सरकारने मध्ये स्कीम काढली होती ना, फॉरेन ॲनिमल असेल तर ऑनलाइन डिक्लेअर करायचं. मी केलंय."

"स्कीममध्ये कुठून आणलं ते विचारलं होतं?"

"नाही. तोच तर पॉइंट होता."

कासवाची निगा उत्तम होती, हे मला सांगायला हवं. कवच सरळ वाढलेलं, डोळे स्वच्छ. त्याने हिरवा पाला चिरून ठेवला होता, कवचासाठी चुना मोजून घालत होता. पेठेतले निम्मे लोक आपल्या कुत्र्यांचं इतकं करत नाहीत. आणि तेच मला सहन होईना. ते कासव काचेच्या कोपऱ्याशी जायचं, डोकं टेकायचं, वळायचं, दुसऱ्या कोपऱ्याशी जायचं.

"ते काय करतंय, ठाऊक आहे?" मी विचारलं.

"एक्सरसाइज."

"वाट शोधतंय ते. चार वर्षं."

निखिलचं हसू जरा कमी झालं, गेलं मात्र नाही. "काकू, राग मानू नका, पण तुम्हीच आत्ता खाली सांगितलंत ना, तिकडे लोक त्यांना फोडून खातात. इथं तो सेफ आहे. मी एक प्रकारे रेस्क्यूच केलाय म्हणा."

"तू रेस्क्यू नाही केलास. तू गिऱ्हाईक आहेस. तू घेतोस म्हणून पोती भरतात. एक इथं पोचावं म्हणून पोत्याच्या तळाशी किती मरतात, ते मी आत्ता पन्नास माणसांसमोर सांगितलं आणि तू टाळ्या वाजवल्यास."

"माझा सप्लायर तसा नाहीये. हीज अ रिअल ॲनिमल लव्हर."

"सप्लायर? मघाशी ब्रीडर म्हणालास."

तो पेटीतला दिवा सारखा करू लागला. दारात उभी असलेली त्याची आई म्हणाली, "अहो डॉक्टर, पोरगा दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही. एक हौस आहे त्याची. हौसेला मोल नसतं."

"मोल असतं," मी म्हणाले. "फक्त ते आपण देत नाही."

निघताना निखिलच्या तोंडून गेलं की मोदक एकटा पडतो, म्हणून पुढच्या महिन्यात एक मादी येणार आहे. ते ऐकून मी जिन्यातून परत वर गेले आणि त्याला स्पष्ट सांगितलं, ही आणलीस तर मी तुझी तक्रार करणार. तो "हो काकू, विचार करतो" म्हणाला. आवाज पार मऊ, डोळे दुसरीकडे.

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला. पहिलं कासव जाहीर केलेलं असल्याने त्याबद्दल काही करता येणार नाही. दुसरं अजून आलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दलही काही करता येणार नाही. "आलं की कळवा, मॅडम." चहा चांगला होता.

सदाशिव पेठ

काही आठवडे गेले. एका भर दुपारी दवाखान्याच्या दारात निखिल उभा. घामाघूम, हातात बुटाचं खोकं. मला काय ते कळलं.

"काकू, प्लीज. हलत नाहीये."

खोक्यात नारळाएवढं पिल्लू होतं. पाठवणाऱ्यांनी पाय कवचाच्या आत कोंबून, वरून पुड्यांना लावायची चिकटपट्टी गुंडाळून आणलं होतं, हलू नये, आवाज होऊ नये म्हणून. निखिलने घाईघाईने पट्टी ओढून काढली होती आणि तिच्याबरोबर पायांची कातडीही सोलून निघाली होती. डोळे खोल गेलेले. कवचावर डिंकाची घाण. अशा कितीतरी जनावरांना मी मरणाच्या दारातून मागे ओढलं आहे, म्हणून कोमट पाण्यात ठेवलं, नळीने पाणी पाजलं, सलाइनची सुई घालायचा प्रयत्न केला. रुग्णांची रांग बाहेर थांबली होती, एका बाईंचं मांजर ओरडत होतं. पिल्लाने एकदा मान बाहेर काढली. निखिल म्हणाला, "बघा, बघा!" ती मान मग आत गेलीच नाही. तशीच टेबलावर लांब झाली.

निखिल रडायला लागला. अगदी हुंदके देऊन. त्याचं दुःख खोटं नव्हतं, म्हणून तर माझा संताप आणखी वाढला. प्रेमाने मारलेलं जनावर द्वेषाने मारलेल्याइतकंच मरतं.

"मादी होती," तो म्हणाला.

"एवढ्या वयात नर आहे का मादी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तुला मादी म्हणून विकलं, तू मादी म्हणून घेतलंस."

मग त्याने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "काकू, हे... कुणाला सांगायची गरज आहे का? म्हणजे आता तर गेलंच ना ते. माझा व्हिसा चाललाय."

मी दवाखान्याचं शटर अर्धं ओढलं. मांजरवाल्या बाईंना उद्या या म्हटलं. "चल," त्याला म्हणाले. "रिक्षा कर. मी सांगणार नाही, तू सांगणार आहेस. कोणाकडून घेतलंस, कसं आलं, पहिलं कसं आलं, सगळं. नाही सांगितलंस तर मग मी आहेच."

तो आला, हे त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. रिक्षात खोकं त्याने मांडीवर धरलं होतं, प्रत्येक खड्ड्याला हात खाली घालून सावरत होता. कार्यालयात त्याने सगळं सांगितलं, अडखळत का होईना. विकणाऱ्याचा नंबर दिला. तिथूनच फोन लावला, तो बंद होता. नंतरही बंदच राहिला. मोदकला सरकारी सुटका केंद्रात नेलं. मादागास्करला परत पाठवता येत नाही, रोग नेईल म्हणून, आणि खर्च कोणी करायचा म्हणून. निखिलची आई दवाखान्यात येऊन मला बोलून गेली, एका कासवापायी पोराचं आयुष्य नासवलंत म्हणाली. मी ऐकून घेतलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण तिला ते कुठल्याच भाषेत कळलं नसतं.

आठवड्याने मी पुन्हा त्या कार्यालयात गेले. पिल्लाचं शवविच्छेदन झालं होतं. म्हटलं, आता ते माझ्याकडे द्या, मी कुठंतरी टेकडीवर नीट पुरते.

अधिकारी तोच होता. तसाच सौजन्याने म्हणाला, "नाही देता येणार, मॅडम. मुद्देमाल आहे तो. कोर्टाच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. केस संपेपर्यंत फ्रीजरमध्येच."

"केस कधी संपेल?"

तो हसला. वाईट माणूस नव्हता, दिवसभराच्या कामात एखादा विनोद करणारा साधा माणूस. "कासव शंभर वर्षं जगतं म्हणतात ना मॅडम? आमच्या केसेसचंही तसंच असतं."

"हे किती वर्षांचं होतं, माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही."

"फार तर पाच. त्यांच्या हिशेबाने ते अजून पाळण्यातच होतं."

तो हसायचा थांबला. मग उठला, आत गेला, आणि फ्रीजरचं झाकण नीट लागलंय ना, ते बघून आला.